सोलर आणि जनरेटरच्या मधली तार

प्रति,
कोकणातील जिल्हा परिषदांचे मा. पदाधिकारी, मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा आरोग्य अधिकारी आणि आरोग्य समित्यांचे सर्व सदस्य

सप्रेम नमस्कार.

मी इलेक्ट्रिकल कंत्राटदार आहे. कोकणात घरांची, शाळांची, दवाखान्यांची वायरिंग, जनरेटरची दुरुस्ती आणि अलीकडे सोलरची कामं करतो. बावीस वर्षं झाली. या पत्रात मी नवीन योजना मागत नाही. आरोग्य केंद्रांवरचं सोलर आणि जनरेटर, या ज्या दोन गोष्टींवर आपण आधीच पैसे खर्च केले आहेत, त्या एकमेकींना जोडा, एवढंच सांगायचं आहे. पण ते का, हे नीट कळावं म्हणून थोडं मागे जावं लागेल.

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. सुपारीच्या आणि आंब्याच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब मुळासकट उपटले गेले, तारा रस्त्यात लोळत पडल्या. श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या भागांतल्या कितीतरी गावांत पुढचे कित्येक आठवडे लाइट नव्हती. त्यात करोनाची टाळेबंदी. आपल्यापैकी अनेकांनी ते दिवस जवळून पाहिले आहेत, त्यामुळे जास्त वर्णन करत नाही.

वादळानंतर पाचव्या दिवशी मला एका प्राथमिक आरोग्य केंद्रातून निरोप आला: जनरेटर सारखा बंद पडतोय, येऊन बघा. केंद्राचं नाव लिहीत नाही. तिथे जे पाहिलं ते मी पुढे आणखी चार-पाच ठिकाणी पाहिलं, आणि त्यात तिथल्या कुणाचाही दोष नव्हता. मोटरसायकलला डिझेलचा कॅन बांधून, झाडं तोडून केलेल्या वाटेने मी पोचलो. फोन लागत नव्हते. औषधनिर्माण अधिकारी बाई लसींच्या खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. लस ठेवायच्या फ्रीजचं, म्हणजे आयएलआरचं झाकण कुणी उगीच उघडू नये म्हणून. पाच दिवसांत झाकण किती वेळा उघडलं, किती वाजता, आत किती तापमान होतं, सगळं त्यांनी वहीत लिहून ठेवलेलं. शेवटची नोंद होती ७ अंश. लस २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे, हे आपल्याला मी सांगायला नको.

मागच्या शेडमध्ये पंधरा केव्हीएचा, म्हणजे साधारण बारा किलोवॉट ताकदीचा जनरेटर. त्याच्यावर लोड काय, तर लसीचे दोन फ्रीज, चार-सहा दिवे, एक-दोन पंखे. एक किलोवॉटसुद्धा नाही. सायलेन्सरच्या तोंडाशी काळं, चिकट तेल ओघळलं होतं. डिझेल इंजिनाला पुरेसा लोड मिळाला नाही तर ते नीट तापत नाही, डिझेल पूर्ण जळत नाही, आणि अर्धवट जळलेलं तेल आणि काजळी आत साचत जाते. तासन् तास असं चाललं की इंजिन दमतं आणि बंद पडतं. तिथे तेच झालं होतं. मी इंजेक्टर काढून साफ केले, फिल्टर बदलला, मशीन चालू झालं.

मग बाहेर येऊन वर पाहिलं. वादळ धुऊन गेल्यावर पडतं तसं लख्ख ऊन होतं. केंद्राच्या स्लॅबवर पाच किलोवॉटची सोलर पॅनेल. एकाची काच तडकली होती, बाकी सगळी शाबूत. आणि खाली भिंतीवरच्या इन्व्हर्टरवर लाल दिवा: ग्रिड नाही, म्हणजे बाहेरून लाइट नाही. एवढ्या उन्हातून एक युनिटसुद्धा खाली उतरत नव्हतं. बाईंनी मला विचारलं, "ऊन आहे, पॅनेल आहेत, मग सोलर चालत का नाही?"

मी त्यांना तेव्हा दोन वाक्यांत काहीतरी सांगितलं. पूर्ण उत्तर आपल्याला देतो, कारण ते उत्तर आपल्या हातात आहे.

आपल्या बहुतेक सरकारी इमारतींवर बसवलेलं सोलर ऑन-ग्रिड प्रकारचं आहे. ते महावितरणच्या लाइटला धरून चालतं. दिवसा तयार झालेली जास्तीची वीज लाइनवर जाते, नेट मीटरवर तिची नोंद होते आणि बिल कमी येतं. बिल कमी करायला ही पद्धत उत्तम आहे. पण लाइन बंद पडली की असा इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो, आणि तो तसा व्हायलाच हवा. नाहीतर बंद आहे असं समजून लाइनमन खांबावर चढेल आणि कुणाच्या तरी छपरावरची वीज त्याच्या हातात येईल. म्हणजे इन्व्हर्टरमध्ये बिघाड नव्हता. तो ज्या कामासाठी घेतला होता ते काम तो करत होता. लाइट गेल्यावर दवाखाना चालवणं हे काम त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं.

मग जनरेटर चालू असताना सोलरला त्याच्या जोडीला का घेता येत नाही? घेता येतं, पण दोन्ही नुसते एका वायरला जोडून नाही. जनरेटरचा व्होल्टेज बघून इन्व्हर्टरला वाटतं लाइट आली, आणि तो वीज ढकलू लागतो. दुपारी दवाखान्याचा लोड एक किलोवॉट आणि सोलर चार किलोवॉट देतंय, तर उरलेली वीज जाणार कुठे? ती उलटी जनरेटरमध्ये शिरते. मशीन एकतर ट्रिप होतं किंवा खराब होतं. आपल्याकडे भाताच्या शेतात जोत धरतात तेव्हा दोन बैल असले तरी मागे माणूस लागतो. तो एकाला आवरतो, दुसऱ्याला हाकतो. सोलर आणि जनरेटर यांच्यामागे असा माणूस म्हणजे कंट्रोलर. आणि दोघांनाही उसंत मिळावी म्हणून मध्ये बॅटरी. हा मधला भाग आपल्या केंद्रांत नाही.

तो का नाही, याचं कारण तांत्रिक नाही. सोलर येतं एका योजनेतून, एका निविदेतून. जनरेटर येतो दुसऱ्या खात्याच्या पैशातून, दुसऱ्या वर्षी. इमारतीची वायरिंग तिसऱ्याकडे. प्रत्येकाने आपापलं काम पूर्ण केलं, पूर्णत्वाचा दाखला दिला, देयक निघालं. सोलरवाला म्हणतो जनरेटर माझ्या कामात नाही, जनरेटरवाला म्हणतो सोलर माझ्या कामात नाही, आणि दोघंही खरं बोलतात. दोघांच्या मधली तार कोणाच्याच अंदाजपत्रकात नसते. मी स्वतः अशा कामांत उपकंत्राटदार म्हणून राबलो आहे. यादीत नाही म्हणून मीही ती तार जोडलेली नाही.

आता हे जुळवलं तर कसं चालेल, ते आकड्यांत सांगतो. समजा एका केंद्रावर पाच किलोवॉटची पॅनेल आहेत, दहा युनिट साठवणारी लिथियम बॅटरी आहे आणि दहा केव्हीएचा जनरेटर आहे. मध्ये हायब्रिड इन्व्हर्टर, जो लाइट नसली तरी स्वतःची लाइन उभी करतो आणि महावितरणच्या लाइनपासून दवाखाना पूर्ण वेगळा ठेवतो. लाइनमन सुरक्षित. उघड्या उन्हात एक किलोवॉट पॅनेल दिवसाला साधारण चार युनिट देतं, म्हणजे वीस युनिट. दिवसा दवाखाना त्यावर चालतो, बॅटरीही भरते. रात्री लसीचे फ्रीज, प्रसूती कक्षातले दिवे, दोन-चार पंखे मिळून सरासरी पाऊण-एक किलोवॉट धरला, तर बॅटरी पहाटेपर्यंत पुरते. ती तीस टक्क्यांवर उतरली की कंट्रोलर जनरेटरला आपोआप स्टार्ट देतो. आता जनरेटर नुसते दिवे लावत बसत नाही. तो दवाखानाही चालवतो आणि उरलेल्या सगळ्या ताकदीने बॅटरीही भरतो. पूर्ण क्षमतेच्या पाऊणपट लोडवर, म्हणजे त्याला जसं चालायला आवडतं तसं. दीड तासात बॅटरी भरते आणि तो बंद होतो. डिझेल लागतं तीन-साडेतीन लिटर. हाच जनरेटर रात्रभर हलक्या लोडवर चालवला असता तर बारा तासांना बारा लिटरच्या आसपास गेलं असतं, आणि मशीन काजळीने भरलं असतं ते वेगळंच.

डिझेल लिटरला नव्वद रुपयांच्या आसपास धरा. चांगल्या लोडवर जनरेटरच्या विजेचं एक युनिट आपल्याला तीसेक रुपयांना पडतं. पंधरा केव्हीएच्या मशीनवर दोन फ्रीज आणि सहा दिवे लावले की तेच युनिट शंभरच्या पुढे जातं.

इथे कुणी म्हणेल, मग जनरेटर काढूनच टाका, नुसतं सोलर आणि मोठी बॅटरी करा. कोकणात मी असं कधीच सुचवणार नाही. जुलैमध्ये आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. पाच किलोवॉटची पॅनेल तेव्हा दिवसाला वीस युनिटांऐवजी सहा-सात युनिट देतील, कधी त्याहून कमी. आणि आपली वादळं नेमकी पावसाच्या तोंडावर येतात: निसर्ग जूनमध्ये, तौक्ते २०२१ च्या मे महिन्यात. त्या दिवसांसाठी पुरेल एवढी बॅटरी घ्यायची तर खर्च कुठच्या कुठे जाईल, आणि ती वर्षातले दहा महिने भरलेलीच पडून राहील. उलट नुसत्या जनरेटरवर विसंबून राहिलो तर रस्ता बंद झाला की तिसऱ्या दिवशी डिझेल संपतं. दोघं एकत्र असले की मळभाच्या दिवशीसुद्धा पाच-सहा लिटरमध्ये चोवीस तास निघतात. शंभर लिटरचा साठा असेल तर पंधरा दिवस कुणाची वाट बघावी लागत नाही.

यातली दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे वायरिंग, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं. एका केंद्रात मी लसीचा फ्रीज आणि ऑफिसातला एसी एकाच एमसीबीवर, म्हणजे लोड वाढला की आपोआप पडणाऱ्या स्विचवर पाहिला. एसीने एमसीबी पाडला की लस गेली, आणि शनिवारी संध्याकाळी पाडला तर सोमवारी कळणार. दवाखान्याचा लोड वेगवेगळ्या लाइनींत तोडावा लागतो. लसीचे फ्रीज, प्रसूती कक्ष, नवजात बाळाचा वॉर्मर, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर यांची लाइन कधीही बंद होणार नाही. ओपीडी, लॅब, संगणक आणि क्वार्टरचे दिवे-पंखे दुसऱ्या लाइनवर, बॅटरी फार उतरली तरच बंद. पाण्याचा पंप, ऑटोक्लेव्ह, गीझर, एसी तिसऱ्या लाइनवर, आणि ती ऊन असताना किंवा जनरेटर चालू असतानाच. पंप रात्रीच चालला पाहिजे असं काही नाही, टाकी दुपारी बाराला भरून ठेवता येते. हे सगळं सिस्टरांनी लक्षात ठेवायचं नाही. त्यांना रात्री दोन वाजता बाळंतपण असतं. हा निर्णय कंट्रोलरने घ्यायचा. स्मार्ट ग्रिड म्हणतात ते छोट्या प्रमाणावर हेच: एका आवाराची स्वतःची वीज आणि ती कुणाला आधी द्यायची याचं भान.

असं भान असलेलं एक यंत्र आपल्या केंद्रांत आजही आहे. ई-विन योजनेत लसीच्या फ्रीजला तापमान मोजणारा सेन्सर लावलेला असतो. तापमान बिघडलं की मोबाइलवर मेसेज जातो. फ्रीज आजारी पडला हे कळतं, पण का पडला हे कळत नाही. बॅटरी किती उरली, टाकीत डिझेल किती, जनरेटरला स्टार्ट दिला आणि तो उचलला की नाही, हे तीन मेसेज त्याच फोनवर आले तर फ्रीज आजारी पडायच्या आधीच धावता येईल.

हे कागदावरचं स्वप्न आहे का? छत्तीसगडने त्यांच्या अक्षय ऊर्जा संस्थेमार्फत, क्रेडामार्फत, शेकडो प्राथमिक आरोग्य केंद्रांवर बॅटरीसह सोलर बसवलं. दिल्लीच्या सीईईडब्ल्यू या संशोधन संस्थेने २०१७ साली तिथल्या १४७ केंद्रांचा अभ्यास केला. विजेची टंचाई असलेल्या आणि सोलर नसलेल्या केंद्रांपेक्षा सोलर असलेल्या केंद्रांत महिन्याला जवळपास दुप्पट बाळंतपणं होत होती आणि पेशंटही निम्म्याने जास्त येत होते. लाइट आहे म्हटल्यावर घरचे बाईला केंद्रात आणतात. नसेल तर गाडी करून तालुक्याला जातात, किंवा जात नाहीत. छत्तीसगडचं मला सर्वांत पटतं ते पॅनेलच्या संख्येपेक्षा दुसरंच काही: त्यांनी देखभालीला गावपातळीपासून माणसं नेमली. आणि आपल्याच राज्यात, जुन्नर तालुक्यातल्या दरेवाडीत, २०१२ साली ३९ घरांसाठी ९.४ किलोवॉटचं सोलरचं छोटं ग्रिड उभं राहिलं. ते गावातल्याच पोरांनी शिकून सांभाळलं. घरोघर मीटर, युनिटमागे पैसे, आणि त्या पैशांतून देखभाल.

देखभालीवर एवढा भर का, त्याचं कारण सांगतो. बॅटरी म्हटलं की आपल्या अधिकाऱ्यांच्या कपाळाला आठ्या का पडतात ते मला माहीत आहे. जुन्या योजनांतल्या लेड-ॲसिड बॅटऱ्या मी डझनांनी काढल्या आहेत. डिस्टिल्ड वॉटर कुणी घातलं नाही, कोरड्या पडल्या, दोन-तीन वर्षांत भंगारात गेल्या. पाणी घालायचं कुणी, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटरीला पाणी लागत नाही, ती जास्त खोलवर वापरता येते आणि जास्त वर्षं टिकते. पण तिलाही माणूस लागतोच. कोकणातली खारी हवा कनेक्टर खाते, अर्थिंगची पट्टी दोन पावसाळ्यांत गंजते, पॅनेलवर शेवाळ धरतं. वर्षातून दोनदा कुणीतरी वर चढून बघितलंच पाहिजे. तालुक्यातून दोन आयटीआय झालेली मुलं घ्या. सूर्यमित्र योजनेत सोलरचं काम शिकलेली मुलं गावोगाव रिकामी बसली आहेत. तालुक्यातली सगळी केंद्रं त्यांच्याकडे द्या आणि त्यांचा पगार निविदेतच पाच वर्षांसाठी धरा. नंतर बघू म्हटलेली देखभाल कधीच होत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

जागेचं एकच सांगतो. जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाडला पाणी किती चढलं होतं ते आपल्याला माहीत आहे. जनरेटर आणि बॅटरी जमिनीलगत ठेवायचे दिवस तेव्हाच संपले. जिथे पुराची रेषा ठाऊक आहे तिथे ओटा तिच्या वर बांधा. पॅनेलचे क्लॅम्प आणि स्ट्रक्चर वादळाचा वारा धरून घ्या, जस्ताचा जाड थर दिलेलं.

तेव्हा माझी मागणी अशी. यापुढे कुठल्याही आरोग्य केंद्रासाठी सोलरची वेगळी आणि जनरेटरची वेगळी निविदा काढू नका. एकच काम, एकच जबाबदारी, आणि पूर्णत्वाचा दाखला लाइट बंद करून चोवीस तास केंद्र चालवून दाखवल्यावरच. जिथे दोन्ही आधीच बसले आहेत तिथे नवीन पॅनेल घेऊ नका. आधी मधली तार घ्या: हायब्रिड इन्व्हर्टर किंवा कंट्रोलर, बॅटरी आणि लोडच्या वेगळ्या लाइनी. जुनी पॅनेल तशीच वापरता येतात, बरेचदा जनरेटरही. सुरुवात अशा केंद्रांपासून करा जिथे रस्ता पहिल्यांदा बंद होतो. ती कोणती, हे तिथला ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर एका दमात सांगेल. पैशासाठी जिल्हा नियोजन समिती आहे, आपत्ती निवारणाचा निधी आहे, महाऊर्जा ही राज्याची अक्षय ऊर्जा संस्था आहे. कुठल्या शीर्षाखाली बसवायचं ते माझ्यापेक्षा आपल्याला जास्त कळतं.

आणि त्याआधी एक गोष्ट करा, तिला एक रुपयाही लागत नाही. मान्सूनपूर्व तयारीची बैठक घेण्याआधी, मे महिन्यातल्या एखाद्या दुपारी, एका केंद्रात स्वतः जा. डॉक्टरांना आधी सांगून, पेशंटला त्रास होणार नाही अशी वेळ बघून, महावितरणकडून येणारा मेन स्विच बंद करा आणि एक तास तिथेच बसा. जनरेटरच्या शेडची किल्ली कोणाकडे आहे ते बघा. मी गेलो त्यातल्या एका केंद्रात ती रजेवर गेलेल्या माणसाच्या घरी होती, दुसऱ्या गावात. मशीन किती मिनिटांत उचलतं, त्याची स्टार्टची बॅटरी मेलेली आहे का, टाकीत डिझेल किती आहे ते बघा. लसीच्या फ्रीजची लाइन आली की नाही ते बघा. मग जिन्याने वर जाऊन पॅनेलवर हात ठेवा, ती तापलेली असतील. खाली येऊन इन्व्हर्टरवरचा दिवा कोणत्या रंगाचा आहे तो बघा. हे सगळं एका कागदावर लिहा आणि तो कागद पुढच्या अंदाजपत्रकाला जोडा.

आपला,
कोकणातला एक इलेक्ट्रिकल कंत्राटदार